चिऱ्यातली राळ

उजवीकडच्या खालच्या दाढेला कॅप बसवून दीड वर्ष झालं, तरी माझी जीभ अजून दिवसातून दहा वेळा तिथे जाऊन हात लावून येते. रूट कॅनालच्या चार बैठका, पंधरा दिवस एकाच बाजूनं चावणं आणि शेवटी हातात आलेलं बिल. त्या बिलाचा खरा आकडा मी नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. डॉक्टरबाई हाताला चोख होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटच्या दिवशी पैसे भरताना काउंटरवरच्या मुलीनं एक इवलीशी तपकिरी बाटली पुढे सरकवली. “नॅचरल आहे मॅडम. मधमाश्यांचं. किडीवर एकदम बेस्ट.” बाटलीवर लिहिलं होतं, प्रोपोलिस. त्या किमतीत गावाहून सातेरीचा, म्हणजे आमच्याकडे पेट्यांत पाळतात त्या देशी मधमाशीचा, मध आला असता, आणि वर कोणीतरी तो आणून देताना चहा पिऊन चार गप्पाही मारून गेलं असतं. तरी घेतली. दाढदुखीतून नुकत्याच सुटलेल्या माणसाला काहीही विकता येतं.

घरी आल्यावर कोमट पाण्यात पाच थेंब टाकून चूळ भरली. आधी तुरट, मग कडू, मग हिरडीला किंचित बधिर करणारं काहीतरी. पाणी दुधाळ झालं आणि स्टीलच्या पेल्याच्या काठाला एक पिवळं कडं चिकटलं, ते घासणीनंही गेलं नाही. पण मला गप्प करून गेला तो त्याचा वास. धुपाचा म्हणावा तर तसा नाही, मेणाचा म्हणावा तर तसाही नाही. हा वास मी पूर्वी खूप वेळा घेतला आहे, अगदी नाक खुपसून घेतला आहे, एवढं नक्की आठवत होतं. कुठे, ते मात्र काही केल्या आठवेना.

आमच्याकडे दात दुखत नाही, दाताला ‘कीड लागते’. वेंगुर्ल्याजवळच्या माझ्या माहेरी हा शब्द अगदी शब्दशः घेतला जायचा. आजी दाढेत लवंग धरायची. ती पुरेनाशी झाली की एक म्हातारी यायची, रिंगणीच्या बिया घेऊन. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, वर करवंटी उपडी घालायची, तिच्या डोळ्यातून येणारा धूर नळीनं दाढेवर घ्यायचा. लाळ खालच्या परातीतल्या पाण्यात गळू द्यायची. मग ती म्हातारी परातीतून पांढरे धाग्यासारखे तुकडे बोटावर घेऊन दाखवायची. “बघ, पडली कीड.” मी सात-आठ वर्षांची असेन. मला त्या वळवळताना दिसल्या होत्या, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पुढे वाचलं, की युरोपातही शेकडो वर्षं हाच खेळ चालायचा, तिथे खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी द्यायचे, आणि उष्णतेनं फुटलेल्या बीतून बाहेर आलेला कोंब ‘अळी’ म्हणून दाखवायचे. आमच्या त्या म्हातारीला मी लबाड म्हणणार नाही. तिलाही तसंच शिकवलेलं असणार. आणि धुरानं आजीला तासभर बरं वाटायचं, हेही खरं.

गंमत अशी, की कीड असते हे खोटं नव्हतं. फक्त ती परातीत दिसण्याइतकी मोठी नव्हती. हॉलंडच्या लेवेनहूकनं 1683 साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात हालचाल करणारे जीव पाहून चकित होऊन लंडनला पत्र लिहिलं. त्यानंतर दोनशे वर्षं त्या जीवांचा आणि दुखऱ्या दाढेचा संबंध कोणी नीट लावला नाही. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं 1890 साली तो लावला. तोंडातले जंतू साखर-पिठाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं, असं त्याचं म्हणणं. पण कोणते जंतू? 1924 साली लंडनच्या क्लार्कला किडलेल्या दातांत एक गोल जंतू सापडला, तो कधी गोल तर कधी लांबट दिसायचा. क्लार्कला वाटलं, हा रूप पालटलेला जंतू आहे. म्हणून नाव पडलं स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. नाव देऊन झालं आणि मग चाळीसेक वर्षं त्याला कोणी फारसं विचारलं नाही.

या म्युटन्सचं खरं हत्यार आम्ल नव्हे, आम्ल तर बरेच जंतू करतात. त्याचं हत्यार आहे चिकी, म्हणजे डिंकासारखा चिकटा. आपली चहातली साधी साखर, म्हणजे सुक्रोज, मिळाली, की तो आपल्या एंझाइमांनी तिच्यापासून एक चिवट, न विरघळणारा पदार्थ विणतो, आणि त्या विणीत स्वतःला आणि आजूबाजूच्या भाऊबंदांना दाताला चिकटवून घेतो. जीभ फिरवली तर ते हलत नाहीत, लाळेनं धुतले जात नाहीत. त्या आडोशात बसून आम्ल सोडत राहायचं. दाताच्या वरच्या कवचाची चामडी जाड असते, जवळजवळ सगळी खनिजाचीच. पण चिकीच्या थराखालचा सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास घसरला, की खनिज सुटायला लागतं. लाळ अर्ध्या-पाऊण तासात गाडी रुळावर आणते. तेवढ्यात आपण चहाबरोबर दुसरं बिस्किट खाल्लं, की पुन्हा पहिल्यापासून. किती गोड खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं, असं डॉक्टरबाई सांगत होत्या तेव्हा माझ्या तोंडात त्यांची सगळी अवजारं होती, नाहीतर मी दिवसाला सहा चहांचा हिशेब तिथेच कबूल केला असता.

मे महिन्यात गावी गेले. तुतारी एक्स्प्रेसनं कुडाळला उतरले, दादा रिक्षा घेऊन आला होता. घरी पोचल्यावर पहिली धावत आली ती भाची. साडेचार वर्षांची आहे. “आत्ये!” म्हणून हसली आणि माझ्या पोटात धस्स झालं. वरचे पुढचे चारही दात काळे, हिरडीपाशी खाल्लेले. खालचे मात्र पांढरेशुभ्र, मोत्यासारखे. बाळदातांच्या किडीची ही खूणच आहे, कारण बाळ चोखत असताना जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी असते आणि लाळही तिथेच साठते, वरचे मात्र उघडे पडतात. वहिनी लगेच पुढे येऊन म्हणाली, “ताई, चॉकलेट आम्ही तिला दाखवलंसुद्धा नाही हो. साखर नाही, बिस्किट नाही. झोपताना चोखणीला फक्त मध. तोसुद्धा आपल्याच इथला, शुद्ध.”

तिच्या आवाजात इतका भाबडा अभिमान होता की मला काही बोलवेना. मी स्वतः तरी काय वेगळं केलं असतं? मध म्हणजे औषध, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. सुश्रुतानं मधाचे आठ प्रकार सांगितले, माक्षिक, भ्रामर, क्षौद्र असे. बाळ जन्मलं की सोन्यानं मध चाटवायचा. (हे चाटवणं आता बंद व्हायला हवं, हे मी घरात भांडून सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो, मध कितीही शुद्ध असला तरी. आई मला ‘शहाणी’ म्हणते, म्हणू दे.)

पण मध दातांना काय करतो? प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत मध जंतूंना मारतो, यात वाद नाही. त्यात पाणी इतकं कमी, की तो जंतूच्या अंगातलंच पाणी ओढून घेतो. पातळ केला की मधमाशीनं त्यात मिसळलेलं एंझाइम जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. न्यूझीलंडच्या मानुका मधात तर मिथाइलग्लायॉक्सल नावाचा वेगळाच पदार्थ निघाला, 2008 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी तो ओळखला. जखमांवर मधाच्या पट्ट्या लावतात त्या याच जोरावर. पण तोंड म्हणजे काचेची ताटली नव्हे. तिथे लाळ येते, मध पाण्यासारखा पातळ करते आणि पेरॉक्साइडही मोडून टाकते. मग मागे काय राहतं? अडतीसेक टक्के फ्रुक्टोज, एकतीसेक टक्के ग्लुकोज, आणि मुळातच चारच्या आसपासचा आंबट सामू. चिकी विणायला म्युटन्सला लागते ती साधी साखर मधात थोडीच असते, तेवढा मधाचा मोठेपणा मान्य. पण आम्ल करायला ग्लुकोज, फ्रुक्टोज दोन्ही चालतात. आणि झोपेत लाळ आटते. म्हणजे रात्रभर वरच्या चार दातांना आंबटगोड शेक.

वहिनीला हे सगळं सांगितलं नाही. कुडाळला मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ या, मी येते सोबत, एवढंच म्हणाले. तिचा चेहरा पडलाच. “शुद्ध होता हो,” ती पुन्हा म्हणाली. शुद्ध होता, म्हणूनच तर तो भरपूर गोड होता, पण हे वाक्य मी गिळलं.

ती तपकिरी बाटली मी सोबत आणली होती. माझ्या डोक्यात एक हिशेब होता. प्रोपोलिस जर मधमाश्यांच्या पेटीत मिळतं, तर आमच्या वाडीत मधपेट्या ठेवणारे काका आहेत, त्यांच्याकडून खरवडून घेऊ. शहरात विकत का घ्यायचं? दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. काजूच्या बागेत त्यांच्या पेट्या, प्रत्येकीच्या पायांखाली पाण्याच्या करवंट्या, मुंग्यांसाठी. काकांनी एक पेटी उघडून दाखवली. चौकटी वर खेचल्या, त्या सुटसुटीत वर आल्या, कुठे काही चिकटलेलं नाही. मी बाटली दाखवून विचारलं तेव्हा ते हसायलाच लागले.

“राळ? सातेरी राळ गोळा करणा नाय गो बाय! ता काम मेलिफेराचा. उत्तरेत मोहरीच्या शेतांनी पेट्ये फिरवतत ना, त्येंचा. त्यांची चौकट काढूची तर पटाशी लागता. हिचा काय? पेटी आवडली नाय तर चिकटवीत बसणा नाय, सरळ पळान जाता.”

मी थक्क झाले. खरंच आहे ते, नंतर वाचूनही पाहिलं. युरोपातली मेलिफेरा माशी झाडांच्या कळ्यांवरची, सालीवरची राळ मागच्या पायांच्या टोपलीत भरून आणते, त्यात मेण कालवते, आणि पेटीची प्रत्येक फट लिंपते. पोळ्यात उंदीर शिरून मेला आणि बाहेर ओढून टाकता आला नाही, तर त्यालासुद्धा राळेनं मढवून टाकते, म्हणजे कुजायला नको. ‘प्रोपोलिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच शहराच्या दारापुढचं. आमची सातेरी मात्र याबाबतीत अगदी मोकळी. घर बिघडलं तर घर सोडायचं. कोकणातल्या निम्म्या घरांना कुलपं लागलेली आहेत ती बघता, तिचं धोरण मला फारसं परकं वाटलं नाही.

काका पेटीचं झाकण लावत म्हणाले, “तुका राळ व्हयी तर तुमच्याच मागल्या भितीत बघ. पोया आसा थंय. तुझ्या आजयेच्या येळेपासून.”

पोया! घराकडे येताना मी जवळजवळ पळतच होते. मागच्या पडवीत, न्हाणीकडे जाताना डाव्या हाताला, जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर ते भोक होतं. लहानपणी आम्ही त्यात हिराची काडी घालायचो. भोकाला एक बोटाएवढी काळपट, मऊ नळी, आणि तिच्या तोंडाशी डासाएवढ्या काळ्या माश्या पहाऱ्याला. या माश्या डंख मारत नाहीत. केसांत शिरतात, कानाशी चावतात, आणि मुंगी आत जाऊ लागली तर तिच्या अंगाला चीक फासून तिला जागच्या जागी खिळवतात. मी वाकून नळीशी नाक नेलं. तोच वास. शहरातल्या स्टीलच्या पेल्यातला वास माझ्या माहेरच्या भिंतीतून येत होता.

पोयाचं सगळं घरच राळेचं असतं. तिला षट्कोनी घरांचं पोळं नाही. मेण आणि राळ कालवून ती इवली इवली मडकी करते, द्राक्षाच्या घडासारखी, आणि त्यांत मध साठवते. तो मध पातळ, आंबट, वर्षाकाठी जेमतेम वाटीभर. आजी तो डोळ्यांत घालायला आणि खोकल्याला जपून ठेवायची, पोळीबरोबर खायला कोणी मागितला तर हातावर चापट. या मधाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. 2020 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी तिथल्या आणि मलेशियातल्या अशाच बिनडंखी माश्यांचा मध तपासला, तर त्यात ट्रेहॅल्युलोज नावाची दुर्मीळ साखर निघाली, शंभर ग्रॅमला तेरापासून चव्वेचाळीस ग्रॅमपर्यंत. ही साखर शरीरात हळूहळू फुटते आणि दातकिडीच्या जंतूंना तिचा फारसा उपयोग करून घेता येत नाही. म्हणजे सातेरीचा गोड मध चोखणीला, आणि पोयाचा आंबट मध फडताळात वरच्या कप्प्यात! याच्या उलट झालं असतं तर, असा विचार मनात आला आणि मी तो झटकला. चोखणीला काहीच नको, हे त्याचं खरं उत्तर.

मुद्दा राळेचा होता. ही राळ माशी आणते कुठून? जिथे जे मिळेल तिथून. युरोपात पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरून, ब्राझीलमध्ये एका झुडपाच्या कोवळ्या पानांवरून, म्हणून तिथलं प्रोपोलिस चक्क हिरवं असतं. त्या ब्राझीलच्या प्रोपोलिसवरच न्यूयॉर्कमधल्या रॉचेस्टरच्या आणि ब्राझीलच्या संशोधकांनी मिळून 2002 च्या सुमाराला एक काम केलं, ते मला सगळ्यात आवडतं. त्यांनी प्रोपोलिसमध्ये सापडणारे कितीतरी पदार्थ एकेक करून म्युटन्सवर घालून पाहिले. त्यांतल्या एपिजेनिननं जंतू फारसा मारला नाही, पण त्याची चिकी विणणारी एंझाइमं थंड पाडली. फार्नेसॉल नावाच्या दुसऱ्या पदार्थानं जंतूच्या अंगावरचं आवरण ढिलं केलं. उंदरांच्या दातांवर दोन्ही लावले तेव्हा कीड कमी झाली. चिकटणाऱ्यावर उतारा तो चिकटवणाऱ्याकडूनच, हे मला फार भावलं.

आणि आमच्याकडे? आमच्या पोयाच्या अंगणात आंबा, काजू, फणस, कोकम. आग्नेय आशियातल्या राळेच्या तपासण्यांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा निघाल्या आहेत. एक, आंब्याच्या सालीतल्या चिकाची कार्डोल, ॲनाकार्डिक आम्ल ही मंडळी. दुसरी, मँगोस्टीनच्या झाडाचा पिवळा चीक, त्यातलं मँगोस्टिन जंतूंना भारी पडतं, म्युटन्सलासुद्धा. मँगोस्टीन म्हणजे आपल्या कोकमाचा सख्खा चुलतभाऊ. रातांबा फोडताना बोटांना जो पिवळा, काही केल्या न निघणारा चिकटा लागतो, त्याच घराण्यातलं हे. आणि ॲनाकार्डिक आम्ल तर काजूच्या टरफलात ठासून भरलेलं. लहानपणी कच्च्या काजूचे गर काढताना ओठ उतले नाहीत, असं पोर आमच्या वाडीत नव्हतं. आंब्याचा देठ दातानं तोडला की तोंडाच्या कोपऱ्यात आठवडाभर काळा डाग. आईच्या शिव्या, त्यावर खोबरेल तेल. तोच चीक ही डासाएवढी माशी पायाला लावून घेऊन येते आणि दाराला लिंपते. आम्हांला तो भाजायचा, कारण भाजण्यासाठीच झाड तो बनवतं. सालीला जखम झाली, की बुरशी, किडे, जंतू आत येऊ नयेत म्हणून झाडानं केलेलं ते औषध. माशी ते उसनं आणते, आणि आपण तिच्याकडून चोरतो.

आता इथे माझा सूर जरा बदलतो, कारण ती बाटली अजून माझ्या हातात होती. जागेपरत, ऋतूपरत राळ बदलते. ब्राझीलची हिरवी, युरोपची तपकिरी, आमची काळी, आणि तिघींच्या पोटात वेगवेगळी रसायनं. मग नुसतं ‘प्रोपोलिस’ लिहिलेल्या बाटलीत नक्की काय आहे? माझ्या बाटलीवर ना देश होता, ना झाड, ना प्रमाण. माशीला लेबल वाचता येत नाही, तिला फक्त चिकट काय ते कळतं. झाडाचा चीक मिळाला नाही, तर ती खिडकीचा ओला रंग, रस्त्यावरचं डांबरसुद्धा गोळा करते, हे पाहिलेलं आहे. शिवाय काही लोकांना राळेची चक्क ॲलर्जी असते, तोंड सोलवटतं. माणसांवर चूळ भरण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, काहींत जंतू कमी झाले, पण त्या बहुतेक थोड्या माणसांच्या आणि थोड्या दिवसांच्या. थुंकीतले जंतू मोजणं वेगळं आणि पाच वर्षांनी दात शाबूत राहणं वेगळं. फ्लोराइडची पेस्ट लावून दोन वेळा ब्रश करण्याची जागा ती बाटली घेऊ शकत नाही, आणि काउंटरवरच्या त्या मुलीनं ती घेते असं मला पटवलं होतं. राग तिच्यावर नाही. तिला कमिशन असेल. राग स्वतःवर, की ‘नॅचरल’ म्हटल्याबरोबर मी वहिनीइतकीच विरघळले.

(मशेरीही नॅचरलच आहे. आमची आते अजून पडवीत बसून तव्यावर तंबाखू भाजते. तिच्याशी या विषयावर बोलण्याची ताकद माझ्यात नाही, पण बोलायला हवं, तोंडाचा कॅन्सर वाट बघत बसत नाही.)

मात्र मधमाशी आणि दात यांचं नातं औषधाच्या बाटलीहून खूप जुनं आहे. स्लोव्हेनियात लोन्चे गावाजवळच्या एका गुहेत माणसाचा जबडा सापडला होता, साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा. शंभर वर्षं तो ट्रिएस्टच्या संग्रहालयात पडून होता. 2012 साली त्याचा सुळा नीट तपासला, तर दाताला उभी चीर आणि त्या चिरेत, झिजलेल्या खळग्यात भरलेलं मधमाश्यांचं मेण. तो माणूस जिवंत असताना भरलं की मेल्यावर, यावर अभ्यासक हात राखून बोलतात. मला मात्र दिसतं ते असं, की कोणीतरी त्याच्यासमोर उकिडवं बसलं आहे, मेणाची गोळी बोटांत मऊ करत आहे, आणि तोंड उघड म्हणून दटावत आहे. आजी लवंग ठेवायची तशी. थंड हवा आणि गोड पाणी आत जाऊ नये, एवढंच. रूट कॅनालनंतर तात्पुरतं भरतात त्याचंही काम तेवढंच, फक्त त्याची पावती मिळते.

त्या भिंतीचं मात्र पुढे महाभारत झालं. पावसाआधी मागच्या पडवीला गिलावा करायचा, असं दादानं ठरवलं होतं. जांभा पाणी पितो, दोन पावसाळे आत बुरशी धरत होती. गवंडी आला, त्यानं भिंत झाडली, आणि मालाचा पहिला थापा भोकाच्या वीतभर खाली मारला. मी आडवी गेले.

“ह्या ठेव.”

“बाय, ह्या भोक असाच ठेवलंस तर पावसात पाणी भितर शिरतला.”

दादा म्हणाला, माश्या दुसरीकडे जातील. मी म्हटलं, ही सातेरी नाही, ही जात नाही, हिचं सगळं आत बांधलेलं आहे, राणीला उडता येत नाही. राणीचं अंग एकदा अंड्यांनी जड झालं की खरंच उडता येत नाही तिला. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो मी कॉलेजात असताना मोर्च्याला गेले होते तेव्हा पाहायचा. आई आतून म्हणाली, “त्या माश्या तुझ्या आजीनं ठेवल्या, कोणी हात लावायचा नाही.” वाद संपला. आजीचा मृत्यू होऊन बावीस वर्षं झाली, पण आमच्या घरात अजून शेवटचं मत तिचंच असतं.

गवंड्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. मग सायकलच्या कॅरिअरवरून अर्ध्या इंची पीव्हीसीचा उरलेला तुकडा काढला, करवतीनं बोटभर कापला, तोंड किंचित खाली कलवून, म्हणजे पावसाचं पाणी आत जाऊ नये, भोकात बसवला. भोवती गिलावा ओढला. जुनी काळी नळी मोडली ती मोडलीच. माश्या दिवसभर पाइपाच्या तोंडाशी ढग होऊन घोंघावत राहिल्या. भाची पडवीत टाचा उंचावून पाहत होती. दोन माश्या तिच्या केसांत अडकल्या तेव्हा ती किंचाळली, आणि मग दर दहा मिनिटांनी पुन्हा अडकवून घ्यायला तिथेच जाऊन उभी राहू लागली.

कुडाळच्या डॉक्टरांनी दोन दात वाचतील म्हणून सांगितलं. बाकीचे दोन वेळेआधी काढावे लागतील, नंतरचे पक्के दात नीट येतील. वहिनी परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. चोखणी तिनं त्याच दिवशी टाकली. मधाची बाटली टाकली नाही, मोठ्यांच्या फडताळात ठेवली, आणि मी ते ठीकच आहे असं म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरायला मागच्या पडवीत गेले. पांढऱ्या पाइपाच्या तोंडाला आतून एक काळपट कडं आलं होतं, सुतळीएवढं जाड. कुठल्या तरी आंब्याच्या जखमेवरून आणलेलं. नखानं दाबून पाहिलं, मऊ होतं, नखाला चिकटून आलं. धुतलं, तरी बोटाला वास राहिला. मग जीभ सवयीनं कॅपकडे गेली.

गवंडी उरलेले पैसे घ्यायला आला होता. त्यानं वाकून पाइपात डोकावून पाहिलं, कड्याला हात न लावता सरळ झाला, आणि नोटा मोजून खिशात ठेवत म्हणाला,

“पायपाचे पैशे मी धरूक नाय हां.”